रहाट गेला, पण माळ किती फूट होती ते कुणी मोजून ठेवलं नाही



आजची नोंद पिकाची नाही, विहिरीची आहे. जरा लांब आहे, पण ज्यांची विहीर खाडीच्या किंवा समुद्राच्या जवळ आहे त्यांनी सवड काढून वाचावी.

मागच्या महिन्यात कृषी कॉलेजची काही मुलं आमच्या वाडीत आली होती. विहिरीच्या काठाला जो गोल ओटा आहे (सोबतच्या फोटोत दिसतोय) तो बघून एकाने विचारलं, हा बसायला केलाय का? दुसरा म्हणाला, नाही रे, मळणीचं खळं असेल. मुलं हुशार होती, ठिबकचं गणित तोंडपाठ होतं. त्यांना रहाट माहीत नव्हता यात त्यांचा काही दोष नाही, कारण त्यांनी तो कुठे बघणार? माझ्या घरातल्या पुतण्यालाही मी एकदा सांगत होतो की रहाटाला चाळीस लोटे असायचे, तर तो म्हणाला, "काका, लोटा म्हंजे तांब्याच ना? तांब्याने शेत भिजवायचे?" तेव्हा वाटलं, हे सगळं एकदा लिहून ठेवावं.

आमचं गाव धारावी बेटावर. धारावी म्हटलं की लोकांना माहीमजवळची वस्ती आठवते, ही ती नव्हे. गोराई, मनोरी, कुलवेम, उत्तन ही गावं ज्या पट्ट्यावर आहेत त्याला जुने लोक धारावी बेटच म्हणतात. वसईच्या मोहिमेत १७३९ साली मराठ्यांनी घेतलेला धारावीचा किल्ला तो इथलाच. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. खाडीपलीकडे बोरिवलीचे टॉवर दिसतात. अशा जागेत गोड्या पाण्याची विहीर असणं हेच मुळात नवल आहे, आणि ते नवल टिकवायची एक रीत होती. ती रीत रहाटात होती असं माझं म्हणणं आहे.

आज कुणाला खरं वाटणार नाही, पण ही रीत फक्त आमच्या बेटापुरती नव्हती. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर हा सगळा साष्टी बेटाचा भाग, आणि इंग्रजी अमलात साष्टी हा ठाणे जिल्ह्यातला तालुका होता. भातशेती, वाड्या, गुरं आणि खाडीकडेला मिठागरं, असा हा मुलूख. उपनगर जिल्हा १९२० साली वेगळा निघाला. दहिसर-मुलुंडपर्यंतची गावं मुंबई महापालिकेत आली ती १९५७ साली, म्हणजे माझ्या वडिलांच्या पिढीच्या डोळ्यांदेखत. ठाणे जिल्ह्याचं १८८२ सालचं गॅझेटियर काढून बघा, किनाऱ्यावरच्या बागायतीच्या वर्णनात रहाट भेटतो. वसईत तर केळी, पान, ऊस सगळं रहाटावर.

देशावरच्या मित्रांना रहाटापेक्षा मोट जवळची. त्याला कारण आहे. तिकडे पाणी खोल, म्हणून चामड्याची मोठी मोट, बैलजोडी आणि उताराची धाव. आमच्याकडे पाणी पंधरा-वीस फुटांवर. तिथे धाव खणायची गरजच नाही. आणि पाणी उथळ पण थोडं असेल तर एका दमात मोटभर उपसण्यापेक्षा थोडं थोडं पण सतत काढणं बरं. म्हणून घाटावर मोट आणि किनाऱ्याला रहाट. अगदी लहान वाफ्यापुरतं पाणी हवं असेल तर लाट असायची, म्हणजे लांब बांबूच्या एका टोकाला दगड, दुसऱ्या टोकाला बादली. ती माणसानेच चालवायची.

इंग्रजांनी रहाटाला 'पर्शियन व्हील' म्हटलं. त्यावरून तो इराणातून आला असा समज झाला. पण रहाट हा शब्द संस्कृतातल्या 'अरघट्ट'वरून आलाय, म्हणजे चाकाला घडे बांधून पाणी काढायची युक्ती आपल्याकडे फार जुनी. त्याला दातेरी चाकं जोडून जनावर जुंपायची सुधारणा नंतर बाहेरून आली, असं काही इतिहासकारांचं मत आहे. बाबराने आपल्या आठवणींत दोन्ही यंत्रं लिहून ठेवलीत. लाहोर, दिपालपूर, सरहिंदकडे त्याने दोराला घडे बांधलेला रहाट पाहिला, आणि आग्ऱ्याकडे बैलांची मोट पाहिली. मोटेचा दोर जनावरांच्या शेणामुतातून घासत येतो आणि तसाच विहिरीत जातो, याची त्याला किळस आली होती. बादशहा असून विहिरीवर उभं राहून दोर कुठून कुठे जातो ते बघितलं, हे मला आवडलं.

आता यंत्र कसं होतं ते सांगतो. माझ्या लहानपणी गावात मोजकेच रहाट चालू होते, आमचा त्यातला एक.

विहिरीशेजारी गोल ओटा. ओट्याच्या मधोमध उभा खांब, त्या खांबाला आडवं दातेरी चाक. खांबाला लांब लाकडी दांडी जोडलेली, तिला रेडा जुंपायचा. आमच्याकडे या कामाला बैलापेक्षा रेडा बरा मानत. चालीला संथ, पण एका लयीत चालतो. गरगरू नये म्हणून डोळ्यांना झापडं. रेडा गोल फिरला की आडवं चाक फिरणार, त्याचे दात उभ्या चाकाच्या दातांत अडकून ते फिरणार, आणि त्याच्या कण्यावर विहिरीच्या तोंडाशी बसवलेलं मोठं चाक फिरणार. या मोठ्या चाकावरून काथ्याच्या दोराची माळ खाली पाण्यात सोडलेली. माळेला ठरावीक अंतरावर एकेक मातीचा लोटा बांधलेला. रिकामे लोटे एका बाजूने उपडे खाली जाणार, भरलेले दुसऱ्या बाजूने वर येणार, चाकाच्या माथ्यावर कलंडून पन्हळीत ओतणार, तिथून डोणीत, डोणीतून पाटाला.

उभ्या चाकाला एक लाकडी अडणी असायची. रेडा मधेच थांबला तर वीसेक भरलेल्या लोट्यांचं ओझं चाकाला उलटं ओढणार, दांडी मागे येणार, जनावराला लागणार. ती अडणी दातांत पडून चाक जागच्या जागी धरायची. तिचा टक्-टक् आवाज घरात झोपलेल्याला ऐकू यायचा, आणि तो थांबला की दादा (आमचे वडील) आतूनच ओरडायचे, "कुठे गेला रे?"

आणखी एक बारीकशी गोष्ट. प्रत्येक लोट्याच्या बुडाला एक लहान भोक असायचं. नवखा माणूस म्हणेल, फुटका लोटा कशाला बांधलाय? तर रहाट थांबला की लोट्यांतलं पाणी त्या भोकातून हळूहळू गळून विहिरीत जायचं, माळ हलकी व्हायची, आणि दुसऱ्या दिवशी रेड्याला पहिला झटका बसायचा नाही. चालू असताना गळती होते, पण वरच्या लोट्याचं खालच्यात पडतं, फार वाया जात नाही. कुंभाराला हे भोक कुणी शिकवलं असेल देव जाणे.

किती पाणी निघायचं? लोटा साधारण २ लिटरचा. रेड्याच्या एका फेरीत पंधरा-सोळा लोटे ओतत. मिनिटाला तीन फेऱ्या. गळती-सांड धरून ताशी ५ हजार लिटर म्हणा. सकाळी दोन तास, संध्याकाळी एक तास, त्यापुढे जनावर चालत नाही. म्हणजे दिवसाला १५ हजार लिटर. आज माझी ३ एचपीची मोनोब्लॉक ताशी २५-३० हजार लिटर सहज देते. रेड्याचं दिवसभराचं काम अर्ध्या-पाऊण तासात.

इथेच खरी गोष्ट आहे. माळेची लांबी ठरलेली असते. आमच्या विहिरीत काठापासून खालच्या शेवटच्या लोट्यापर्यंत १९ फूट. पाणी त्याच्या खाली गेलं की लोटे अर्धे यायला लागतात, मग रिकामे. दादांचा हुकूम होता, लोटे अर्धे यायला लागले की रेडा सोडायचा. त्यात रेड्याची दया नव्हती, विहिरीची काळजी होती. तीन फूट आणखी खाली जायचं तर माळ सहा फुटांनी वाढवायची, पाच-सहा लोटे जास्त बांधायचे, रेड्यावर भार जास्त. तो विचार करून घ्यायचा निर्णय होता, कोणी सहज घेत नसे. म्हणजे रहाट नुसतं पाणी काढत नव्हता, विहिरीतून किती काढायचं त्याची हद्दही तोच आखून देत होता. आणि हद्द आली की डोळ्यांना दिसायची, शाळेत न गेलेल्यालाही.

ही हद्द का महत्त्वाची, ते शास्त्राने नंतर सांगितलं. किनाऱ्याच्या जमिनीत पावसाचं गोडं पाणी हे समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण गोडं हलकं आणि खारं जड. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला घायबेन आणि हर्झबर्ग या युरोपातल्या दोघांनी स्वतंत्रपणे याचं गणित मांडलं. समुद्रपातळीच्या वर १ फूट गोडं पाणी असेल तर खाली साधारण ४० फूट गोडं असतं. म्हणजे उपसून वरची पातळी १ फूट कायमची खाली आणली, तर खालचं खारं पाणी हळूहळू ४० फूट वर सरकू शकतं. हे कागदावरचं गणित झालं. आमच्याकडे कुठे वाळू, कुठे मुरूम, कुठे काळा पाषाण, त्यामुळे प्रत्येक विहिरीचं वेगळं. पण दिशा तीच. चर्चगेटजवळ क्रॉस मैदानाच्या कडेला पारशी लोकांची भिका बेहराम विहीर आहे, १७२५ सालची. समुद्र इतका जवळ असून पाणी गोडं म्हणून लोक नवल करतात. मला वाटतं, तिच्यावर कुणी १० एचपी लावली नाही, हेही एक कारण असणार.

पंप वाईट, असं मी म्हणत नाही. रहाट परत आणा असंही म्हणत नाही. सकाळी पाचला थंडीत रेड्यामागे फिरायचं काम मी केलंय, त्यात काव्य काही नव्हतं. माझ्या वयाची कितीतरी पोरं या फेऱ्यांपायी शाळेत उशिरा पोहोचायची आणि छडी खायची. रेड्याचे खांदे सोलायचे. सुताराला दर साल चाकाचे दात बदलायला बोलवावं लागे, माळ कुजली की पावसाळ्याआधी नवीन वळावी लागे. बायांची निम्मी दुपार दोर वळण्यात जायची. मोटर आली तेव्हा घरात सगळ्यात जास्त आनंद आईला झाला.

पण मोटरीबरोबर हद्द गेली. आता पाणी खाली गेलं, म्हणजे फूटवॉल्व्ह उघडा पडला, तर काय होतं? मोटर हवा ओढते, गरम होते, जळते. म्हणून हल्ली स्टार्टरमध्ये ड्राय रनचं संरक्षण असतं, पाणी संपलं की आपोआप बंद. चांगली सोय आहे, माझ्याकडेही आहे. पण ती मोटर वाचवते, विहीर नाही. विहीर पार तळाला लागल्यावर ती बंद होते, आणि खाऱ्याने वर यायला सुरुवात त्याच्या कितीतरी आधी केलेली असते.

वसईकरांनी हे मोठ्या प्रमाणावर भोगलं. १९८० नंतर तिथे इमारती उठल्या आणि गावच्या विहिरींचं पाणी टँकरने जाऊ लागलं, वाड्यांच्या विहिरी मचूळ होऊ लागल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीतून त्याविरुद्ध मोठी चळवळ उभी केली. पुढे २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा पेपरांनी त्यांच्या पुस्तकांबद्दल लिहिलं. आमच्यासारख्यांना मात्र ते पाण्याचे फादर म्हणूनच माहीत. मुंबईत अजूनही टँकर विहिरी आणि बोअरवरच भरतात. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या परवानगीच्या नियमावरून टँकरवाल्यांनी संप केला, तेव्हा शहरातल्या लोकांना कळलं की आपल्या इमारतीखाली कुठेतरी विहीर आहे.

शहरातल्या विहिरींचं आणखी एक प्रकरण आहे. १९११ साली डॉ. बेंटली यांनी मुंबईतल्या मलेरियावर अहवाल दिला, त्यात विहिरींतल्या डासांवर बोट ठेवलं. तेव्हापासून शहरात विहिरी बुजवणं, झाकणं सुरू झालं. ते चूक होतं असं नाही, माणसं मरत होती. पण झाकलेल्या विहिरीत कुणी डोकावत नाही, आणि डोकावलं नाही की पाणी कुठे आहे ते कळत नाही.

१२ ऑक्टोबर २०२० आठवतो का? सकाळी दहाच्या सुमाराला अख्ख्या मुंबईची वीज गेली. कोरोनाचा काळ, सगळे घरात. बोरिवलीला एक्सर गावठाणात आमचे पाहुणे राहतात, त्यांच्या आवारात विहीर आहे, जाळी लावलेली. वरची टाकी रिकामी, पंप बंद. पोरांनी जाळीचं दार उघडलं, दोर बांधून प्लास्टिकची बादली सोडली. बादली पाण्यावर तरंगत राहिली. दहा मिनिटं दोर हलवून झाला, कपभर पाणी. शेवटी सत्तरीच्या मावशी आल्या. बादलीच्या कडेला एका बाजूला लहान दगड बांधला, दोराला एक हिसका दिला, बादली आडवी झाली, बुडाली, भरली. मावशी पोरांना म्हणाल्या, "आरं, तिला आधी झोपवायची, मग उठवायची." हा हिसका म्हटलं तर काहीच नाही. पण चार तरण्या पोरांत तो एकालाही येत नव्हता.

आमच्या गावात याच्यापेक्षा मोठी गोष्ट विसरली जातेय म्हणून हे लिहितोय. दादांनी मोटर बसवली तेव्हा एक गोष्ट केली होती. रहाटाचा शेवटचा लोटा जिथपर्यंत जायचा, बरोबर तिथेच, १९ फुटांवर त्यांनी फूटवॉल्व्ह ठेवला. त्याखाली विहीर अजून आठ-नऊ फूट आहे. त्यांनी कुणाला कारण सांगितलं नाही, त्यांना ते सांगण्यासारखं वाटलंच नसणार. आसपासच्या विहिरींत मात्र वारसाने मोटरी बदलताना पाईप वाढत गेले. शेजारच्या एका वाडीत तिसऱ्या उन्हाळ्यात श्रावणघेवड्याच्या पानांच्या कडा करपल्या. त्यांनी बुरशीनाशक मारलं, मग आणखी एक मारलं.

यंदा मार्चमध्ये पुतण्याने विषय काढला. भाजीला दर आहे, क्षेत्र वाढवू, पाईप सहा फूट खाली सोडू. तो मोबाईलवरून मोटर चालू करतो, कामाला अंधेरीला असतो, विहिरीशी त्याचा संबंध आकड्यापुरता. मी नुसतं नको म्हटलं असतं तर त्याला ते म्हाताऱ्याचं हट्टीपण वाटलं असतं. म्हणून एक जुनी जड काचेची बाटली घेतली, बुडाशी दगड बांधला, गळ्याला दोर, बुचाला वेगळी सुतळी. हव्या त्या खोलीवर बाटली नेऊन सुतळीला झटका दिला की बूच निघतं आणि तिथलंच पाणी भरतं. तीन खोल्यांवरचं पाणी काढलं आणि त्याच्याच इसी मीटरने मोजलं. वरचं ०.७, १९ फुटांवरचं १.०, पंचविसाव्या फुटावरचं ३.१ डेसीसायमन प्रति मीटर.

अन्न व कृषी संघटनेच्या तक्त्यात घेवड्याला उत्पन्न न घटता चालणारं पाणी ०.७ पर्यंत, कांदा-मुळ्याला ०.८, कोबीला १.२, पालकाला १.३, टोमॅटो-काकडीला १.७ पर्यंत दिलंय. ३.१ ला आमच्या वाडीतलं काहीच बसत नाही. पुतण्या बराच वेळ मीटरकडे बघत होता. मग त्याने मीटर धुऊन परत मोजलं. तेवढंच आलं.

पाईप खाली गेला नाही. उलट त्यानेच १८ फुटांवर फ्लोट स्विच टांगायचं काढलं. पाणी तिथे आलं की मोटर बंद, आणि त्याच्या मोबाईलवर संदेश. परवा सकाळी बंद झाली तेव्हा त्याचा फोन आला, "काका, लोटे अर्धे यायला लागले."

आता काम सांगतो. गोराई, मनोरी, उत्तन, मढ, मार्वे, वसई, तिकडे अलिबाग-रेवदंड्याकडेही, ज्यांच्या जुन्या विहिरीला रहाटाचा ओटा अजून शिल्लक आहे, त्यांनी घरातल्या ऐंशीच्या पुढच्या माणसाला विचारा की माळ किती खाली जायची. बरेच जण फुटांत सांगणार नाहीत, "इतके लोटे" किंवा "त्या तिसऱ्या दगडाच्या थरापर्यंत" असं सांगतील. थर मोजा, फूट काढा आणि विहिरीच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटने खूण करा. मेच्या दुसऱ्या आठवड्यात त्या खुणेवरचं पाणी बाटलीने काढून इसी बघा. बाटलीला बूच लाकडी घ्या, रबरी बूच खोलीवर निघत नाही.